यादी देण्याआधी ती पुस्तकं वाचा : नागपुरातल्या शाळांना खुलं पत्र

प्रति,
नागपूर शहरातल्या शाळांचे मुख्याध्यापक, ग्रंथपाल, पुस्तक निवड समित्यांचे सदस्य आणि संस्थाचालक यांस

सप्रेम नमस्कार.

यंदा १ मेला निकालपत्रकासोबत माझ्या मुलीला शाळेतून एक छापील कागद मिळाला. वर ‘उन्हाळी वाचन उपक्रम, इयत्ता ५ वी ते ८ वी’ असं लिहिलेलं आणि खाली चाळीस पुस्तकांची नावं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या लेआउटमधला एक मुलगा त्याच्या शाळेची यादी घेऊन माझ्याकडे आला. शाळा वेगळी, बोधचिन्ह वेगळं, पुस्तकं मात्र तीच आणि त्याच क्रमाने. सातव्या क्रमांकावरचं नाव एकतिसाव्या क्रमांकावर पुन्हा छापलेलं होतं, तेही दोन्ही कागदांवर. माझी खात्री आहे की ही यादी या दोन्हींपैकी एकाही शाळेत तयार झालेली नाही. पुस्तकांचे संच विकणाऱ्याने आपल्याकडच्या मालाची नावं दिली आणि शाळांनी वर आपलं नाव छापून ती मुलांच्या हातात ठेवली. कुणी ती एकदा जरी शेवटपर्यंत वाचली असती, तरी दोनदा आलेलं नाव खोडलं गेलं असतं.

जूनमध्ये पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसरा निरोप आला. नव्या वेळापत्रकात वाचनालयाची तासिका नाही, त्या वेळात शिष्यवृत्ती आणि ऑलिम्पियाडचा सराव घेतला जाईल. कुणी काही विचारलं नाही. दोघातिघांनी हात जोडल्याचं चिन्ह टाकलं आणि विषय संपला. मी शाळेला लेखी विचारणा केली, तिचं उत्तर आलं नाही. माझ्याकडे पुस्तकं न्यायला येणारी मुलं ज्या ज्या शाळांत जातात, तिथे थोड्याफार फरकाने हेच चाललं आहे. म्हणून कुणा एका शाळेचं नाव न घेता हे पत्र तुम्हा सगळ्यांना, आणि सगळ्यांसमोर, लिहिते आहे.

मी मानेवाड्यात राहते. घराच्या पोर्चमध्ये रविवारी सकाळी मुलांसाठी पुस्तकांची देवघेव चालवते. फी नाही, अनामत नाही, फक्त एक वही आहे. ऑटो चालवणाऱ्यांची मुलं येतात, मिहानच्या उद्योगक्षेत्रात नोकरी करणाऱ्यांची येतात, बांधकामावरच्या कुटुंबातल्या दोन बहिणी येतात. कुणी मराठी शाळेत, कुणी सीबीएसईत, कुणी मनपाच्या हिंदी शाळेत. मुलांना काय वाचावंसं वाटतं ते मला त्या वहीतून कळतं. पुस्तक कुणी नेलं, किती दिवसांनी आणलं, पुन्हा त्यानेच मागितलं का, मागोमाग त्याचा भाऊ तेच शोधत आला का. काही पुस्तकांची शिवण उसवते, पानं सुटतात, मग मी दाभण आणि जाड दोरा घेऊन ती पुन्हा शिवते. शाळांच्या यादीतली जी पुस्तकं माझ्या कपाटात आहेत, त्यांतल्या एकाचीही शिवण आजवर उसवलेली नाही.

माझी पहिली तक्रार पुस्तकं निवडण्याच्या पद्धतीबद्दल आहे. शाळेला पैसा मिळतच नाही असं नाही. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांना इयत्तांप्रमाणे वर्षाला ५,००० ते २०,००० रुपयांचं ग्रंथालय अनुदान ठरवलेलं आहे. खाजगी शाळा पालकांकडून वाचनालयाचं शुल्क वेगळं घेतात. पण हा पैसा खर्च होतो मार्चअखेरीला. तेव्हा विक्रेता तयार संच घेऊन दारात उभा असतो. सवलत घसघशीत, बिल व्यवस्थित, पुस्तकं पोहोचवायचीही सोय. एका संचात पंचवीस-तीस पुस्तकं येतात, दाखल नोंदवहीत एका दुपारी चढतात आणि निधी वेळेत खर्च झाला असं दाखवता येतं. पातळ कागद, गिचमिड अक्षर, मुखपृष्ठावर इंटरनेटवरून उचललेलं चित्र आणि आत लेखकाचं नावसुद्धा नाही, अशी पुस्तकं मी स्वतः हाताळली आहेत. एकात तर पान १६ नंतर पुन्हा पान ९ सुरू होतं. ते पुस्तक शाळेत तीन वर्षं होतं आणि हे कुणाच्या लक्षात आलेलं नव्हतं.

शिक्षकांवर मी आळशीपणाचा ठपका ठेवत नाही. निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, पोषण आहाराचे हिशेब, ऑनलाइन माहिती भरणं, यांतून पुस्तकं निवडायला वेळ काढणं किती कठीण आहे ते मला दिसतं. माझी सख्खी बहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पण घरी आलेल्या पाहुण्याला वाढण्याआधी आपण भाजीची चव घेतो. मुलाला पुस्तक सुचवताना कुणीतरी एकाने ते वाचलेलं असावं, एवढी अपेक्षा जास्त नाही.

दुसरी तक्रार याद्यांमध्ये काय असतं त्याबद्दल. त्या चाळीस नावांत निम्म्याहून जास्त थोर माणसांची छोटी चरित्रं होती. उरलेल्यांत बोधकथा, सामान्यज्ञान, स्मरणशक्ती वाढवण्याचे उपाय आणि व्यक्तिमत्त्व विकास. कविता एकही नाही. चित्रकथा नाही, विनोद नाही, भूत नाही, जंगल नाही, शाळेत मार खाणारं किंवा घरातून पळून जावंसं वाटणारं एकही मूल नाही. दहा वर्षांच्या मुलाने सुट्टीत स्वतःहून हातात घ्यावं असं त्यात काहीच नव्हतं.

चरित्रांना माझा विरोध असेल असं समजू नका. या शहरात तसं म्हणण्याची कुणाची हिंमत होणार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी जिथे धम्मदीक्षा घेतली, त्या दीक्षाभूमीवर दरवर्षी पुस्तकांच्या दुकानांसमोर उभं राहायला जागा नसते. रात्रभर प्रवास करून आलेली माणसं भाकरी बांधून आणतात आणि परतताना पिशवीत पुस्तकं नेतात. लेकरांना खांद्यावर घेऊन पुस्तकं चाळणारे बाप मी दरवर्षी तिथे बघते. मग याच शहरातल्या शाळेत बाबासाहेबांबद्दल मुलाच्या हाती काय येतं? बत्तीस पानं. जन्म, शिक्षण, पदव्या, कार्य, महापरिनिर्वाण, आणि शेवटी अंगी बाणवायच्या गुणांची यादी. ते वाचून मुलाला तारखा आठवतात, माणूस आठवत नाही.

बाबासाहेबांनी स्वतः आपल्या लहानपणाचा एक प्रसंग ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या आत्मकथनात लिहून ठेवला आहे. वडिलांना भेटायला निघालेली पोरं, अंगावर नवे कपडे, आगगाडीचा पहिलावहिला मोठा प्रवास. मसूर स्टेशनावर उतरतात तर न्यायला कुणी आलेलं नाही. स्टेशनमास्तर आधी गोडीने विचारपूस करतो, जात कळताच मागे सरतो. बैलगाडीवाले त्यांना न्यायला तयार होत नाहीत. शेवटी एक जण दुप्पट भाडं घेऊन तयार होतो, पण गाडी पोरांनी हाकायची आणि तो बाजूने पायी चालणार. बरोबर डबे भरून जेवण आहे आणि प्यायला पाणी कुणी देत नाही, म्हणून ते जेवणही तसंच राहतं. हा भाग मी पोर्चमध्ये मराठीत सांगत सांगत वाचून दाखवला. सातवीतला एक मुलगा मध्येच म्हणाला, “पण काकू, डबल पैसे घेतले ना त्यानं, मग गाडी काहून नाही हाकली?” त्यानंतर बराच वेळ मुलंच बोलत होती, मी गप्प बसून ऐकत होते. हे लिखाण पातळ आहे, भाषा सोपी आहे आणि त्यातला हा प्रसंग एका मुलाच्या नजरेतून लिहिलेला आहे. तरी मला आजवर एकाही शालेय यादीत ते दिसलेलं नाही.

तिसरी तक्रार त्या तक्त्याबद्दल. वाचलेल्या प्रत्येक पुस्तकासाठी मुलाने एक तक्ता भरायचा असतो: पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, पृष्ठसंख्या आणि ‘मिळालेला बोध’. सहावीतला एक मुलगा माझ्याकडून एक साहसकथा घेऊन गेला. दोनच दिवसांत वाचून आला, डोळे चमकत होते, गोष्ट मला सांगताना हात थांबत नव्हते. मग त्याने ते पुस्तक टेबलावर ठेवलं आणि विचारलं, “काकू, याच्यात बोध काय लिहू?” मी म्हटलं, तुला मजा आली असं लिही. तो म्हणाला, ते चालत नाही, मॅडम परत लिहायला लावतात. आणि त्याने साहसकथेचा दुसरा भाग सोडून बोधकथांचं पुस्तक नेलं, कारण त्यात प्रत्येक गोष्टीखाली तात्पर्य छापलेलं असतं, ते सरळ उतरवता येतं. गुणांच्या भीतीने मुलाने आवडलेलं पुस्तक खाली ठेवलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. या तक्त्यांतून मुलं वाचायला लागतात, असा अनुभव तुमच्यापैकी कुणाला आला असेल तर मला जरूर सांगा.

चौथी तक्रार कुलपाबद्दल आहे, आणि मला ती सगळ्यात जास्त बोचते. पुस्तकांचं कपाट मुख्याध्यापकांच्या खोलीत किंवा जिन्याखाली असतं. काचेतून पुस्तकं दिसतात. किल्ली ज्या बाईंकडे असते त्यांना स्वतःचे वर्गही असतात. वाचन प्रेरणा दिनाला, म्हणजे १५ ऑक्टोबरला, कपाट उघडतं, पुस्तकं सतरंजीवर मांडली जातात, मुलांचे वाचतानाचे फोटो निघतात आणि मधल्या सुट्टीनंतर पुस्तकं मोजून परत आत जातात.

कुलूप का, ते मला एका बाईंनी सरळ सांगितलं. साठा पडताळणीच्या वेळी नोंदवहीत तीनशे पुस्तकं असतील तर कपाटात तीनशे दिसायला हवीत. हरवलं किंवा फाटलं तर निर्लेखनाचा, म्हणजे नोंदवहीतून ते कमी करण्याचा, प्रस्ताव करा, सह्या गोळा करा, नाहीतर खिशातून भरा. “पुस्तकं मुलांना दिली की जातात, आणि गेली की माझ्या अंगावर येतात,” असं त्या म्हणाल्या. त्यांच्या जागी कुणीही कुलूपच लावेल. दोष त्या बाईंचा नाही, हरवलेल्या पुस्तकाला गुन्हा मानणाऱ्या पद्धतीचा आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत, नियम २१५ मध्ये, ग्रंथालयातून वर्षभरात दिल्या-वापरल्या गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तकं गहाळ होणं वाजवी धरलेलं आहे, अर्थात त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसेल तर. हा नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहे, तुमच्या शाळांना तो आपोआप लागू होत नाही. पण पैशापैशाचा हिशेब मागणारं वित्त मंत्रालय जर मान्य करतं की वापरातली पुस्तकं काही प्रमाणात जातातच, तर शाळेच्या व्यवस्थापनाने तसा ठराव करायला काय हरकत आहे? आणि इथे तर वापरणारी सगळी लहान मुलं आहेत.

यातच उन्हाळ्याची गोष्ट येते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. म्हणूनच विदर्भातल्या शाळा बाकीच्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. सकाळी दहानंतर रस्ते ओस पडतात आणि संध्याकाळपर्यंत मुलं कूलरसमोर कोंडलेली असतात. मोबाइलशिवाय दुसरं काही हाताशी नसतं, आणि आईबाप कामावर गेलेले असले तर कुणी अडवणारंही नसतं. वर्षभरात वाचायला इतका मोकळा वेळ पुन्हा मिळत नाही. आणि नेमकी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सूचना निघते: मुलांकडची सर्व पुस्तकं जमा करून घ्यावीत. म्हणजे उन्हाळी वाचनाची यादी द्यायची आणि उन्हाळ्यात कपाटाला कुलूप लावायचं. यादीतली पुस्तकं विकत घ्यायला आईबापांना सांगायचं, आणि तीच पुस्तकं शाळेत धूळ खात ठेवायची. ज्याच्या घरी पुस्तकांसाठी वेगळे पैसे निघत नाहीत, त्या मुलाने काय करावं?

पाचवी गोष्ट भाषेची. राज्यात २०२० च्या कायद्याने सगळ्या मंडळांच्या शाळांमध्ये मराठी शिकवणं सक्तीचं झालं. पण अनेक इंग्रजी शाळांच्या वाचनालयात पाठ्यपुस्तकाशिवाय मराठीचं पान सापडत नाही. सातवीतल्या मुलीला मराठी समजतं, बोलता येतं, वाचताना ती अक्षर अक्षर जुळवते. तिला सातवीच्या यादीतलं पुस्तक दिलं तर ती दुसऱ्या पानावर सोडून देणार, आणि दुसरीचं चित्रपुस्तक दिलं तर तिला लाज वाटणार. तिला हवी ती तिच्या वयाची गोष्ट, पण छोटी वाक्यं आणि मोठं अक्षर असलेली. हे यादीवरून कळत नाही, समोर बसलेल्या मुलीकडे बघून कळतं. हिंदी बोलणाऱ्या मुलांचंही तसंच. पुण्या-मुंबईपेक्षा भोपाळ आपल्याला जवळ. तिथली एकलव्य ही संस्था १९८५ पासून ‘चकमक’ हे मुलांचं मासिक काढते आहे. ते आपल्या शाळांत मी कुठे पाहिलं नाही. आणि मारबतीची मिरवणूक, तान्हा पोळा, पेंचचं जंगल, इतवारीतला बाजार हे ज्यांच्या रोजच्या जगण्यात आहे, त्या पोरांना ते पुस्तकात कधी भेटतच नाही. या भागातल्या लेखकांनी मुलांसाठी लिहावं असं वाटत असेल, तर आधी शाळांनी तशी पुस्तकं मागितली पाहिजेत.

वाचनालयाची तासिका काढण्याबद्दल मी थोडक्यात लिहिते, कारण तिथे चर्चेला जागा नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं आणि त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि सर्व विषयांची पुस्तकं असावीत असं म्हटलेलं आहे. गोष्टीच्या पुस्तकांचा त्यात वेगळा, स्पष्ट उल्लेख आहे. ग्रंथालय असून मुलाला तिथे जायला वेळच ठेवला नाही, तर कायदा कागदावर पाळला एवढंच होईल.

नुसतं बोट दाखवून मला थांबायचं नाही. माझ्या वहीतून, मुलांच्या हातून तावून निघालेली काही नावं देते. ही आज्ञा म्हणून घेऊ नका. आधी वाचा, मग ठरवा.

पहिली-दुसरीसाठी माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’ ही पुस्तकमाला. घरातली माणसं, त्यांच्या सवयी, मोजकी वाक्यं आणि बघत राहावीत अशी चित्रं. कसला उपदेश नाही. न वाचता येणारी मुलंही ती पुस्तकं हातात घेऊन आपल्या आपण गोष्ट सांगत बसतात. विंदा करंदीकरांच्या बालकविता, ‘राणीची बाग’ किंवा ‘एटू लोकांचा देश’, या मोठ्याने म्हणायच्या. हिंदी शाळेतली मुलंसुद्धा त्या चालीवर डोलतात, अर्थ मागाहून विचारतात.

तिसरी ते पाचवीला दिलीप प्रभावळकरांचा ‘बोक्या सातबंडे’ माझ्या पोर्चमध्ये कधीच जागेवर नसतो. त्याला २०११ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार आहे, पण मुलं पुरस्कारासाठी तो नेत नाहीत. आणि ‘तोत्तोचान’. तेत्सुको कुरोयानागी यांचं हे जपानी पुस्तक १९८१ चं. चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी केलेला त्याचा मराठी अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टने स्वस्तात उपलब्ध करून दिला आहे. खोडकर म्हणून पहिल्याच शाळेतून काढून टाकलेली मुलगी, आणि मग रेल्वेच्या डब्यांत भरणारी तिची नवी शाळा. वर्गाबाहेर उभं राहायची सवय असलेल्या एका मुलाने हे पुस्तक इतके दिवस परत केलं नाही की शेवटी मी ते त्याला देऊन टाकलं. हे पुस्तक शिक्षकांनी आधी वाचावं अशी माझी विनंती आहे.

सहावीपासून पुढे भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’. जुना आहे, त्यातलं पुणं आता राहिलेलं नाही, तरी फुरसुंगीचा हा हडकुळा पोरगा आजही मुलांना पळवत नेतो. ज्यांना सलग पुस्तक झेपत नाही त्यांच्यासाठी ‘वाचू आनंदे’चे भाग. पुरंदऱ्यांनीच संपादित केलेले, मराठीतले उत्तम उतारे, कविता आणि चित्रं, बालगट आणि कुमारगटासाठी वेगळे. कुठलंही पान उघडावं. आठवी-नववीच्या पुढे प्रकाश नारायण संतांचा ‘वनवास’. त्यातल्या लंपन या मुलाच्या बोलण्यात कानडी मिसळलेली आहे, जशी आपल्या मुलांच्या बोलण्यात हिंदी, त्यामुळे त्यांना तो परका वाटत नाही. आणि ज्याला जंगलाचं वेड आहे त्याला मारुती चितमपल्लींचं ‘रानवाटा’ द्या. नवेगावबांध, नागझिऱ्याच्या रानात आयुष्य घालवलेल्या आणि अनेक वर्षं आपल्या नागपुरात राहिलेल्या माणसाचं लिखाण इथल्या शाळांत नसेल तर कुठे असणार?

पैसेच नाहीत असं म्हणणाऱ्या शाळांसाठीही वाट आहे. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर २०१५ पासून मराठी आणि हिंदीसह कितीतरी भाषांतल्या चित्रगोष्टी आहेत, वाचनाच्या चार पातळ्यांप्रमाणे लावलेल्या. त्या छापून घ्यायला परवानगी लागत नाही. शाळेचा प्रिंटर आणि एक स्टेपलर यांवर पहिलीचा अख्खा वर्ग महिनाभर वाचेल.

आता माझ्या मागण्या.

यादी छापायची असेल तर तिच्यातल्या प्रत्येक पुस्तकापुढे ते वाचलेल्या शिक्षकाचं किंवा विद्यार्थ्याचं नाव आणि ते का सुचवलं याची दोन ओळींची नोंद असावी. चाळीस नावं जमली नाहीत तर बारा द्या, पण वाचलेली द्या. विक्रेत्याची यादी शाळेच्या नावाने छापणं बंद करावं.

संच विकत घेऊ नका. पुस्तकं एकेक निवडा आणि निवड समितीत दोन विद्यार्थी आणि एक पालक घ्या. मार्चची वाट न बघता खरेदी दिवाळीच्या आधी करा.

‘मिळालेला बोध’ हा रकाना काढून टाका. वाचनाला गुण देऊ नका. मुलाला पुस्तक आवडलं नाही तर अर्ध्यात सोडायची मुभा असू द्या, तसं सांगण्याचीही.

कपाटाचं कुलूप काढा. वर्षाला ठराविक प्रमाणात पुस्तकं हरवणं-फाटणं गृहीत धरून व्यवस्थापन समितीने ठराव करावा आणि ती वसुली कुठल्याही शिक्षकाकडून होणार नाही असं लिहून द्यावं. मनपा आणि जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी तशी स्पष्ट सूचना शिक्षण विभागाने काढावी, कारण तिथले शिक्षक वरून कागद आल्याशिवाय हे धाडस करू शकत नाहीत, आणि त्यांनी ते का करावं?

एप्रिलमध्ये पुस्तकं जमा करण्याऐवजी वाटा. प्रत्येक मुलाला उन्हाळ्यासाठी त्याने स्वतः निवडलेली तीन पुस्तकं घरी न्यायला मिळावीत. शाळा उघडल्यावर परत घ्या. साठा पडताळणी जुलैत केली तर आभाळ कोसळणार नाही.

वाचनालयाची तासिका आठवड्यातून एकदा, प्रत्येक वर्गाला, परत द्या. शिष्यवृत्तीच्या सरावासाठी दुसरा वेळ शोधा.

माझ्या शाळेकडून आणि तुमच्यापैकी ज्यांना हे पत्र पोहोचेल त्या सगळ्यांकडून मला एवढंच हवं आहे की हा विषय पुढच्या पालकसभेत घ्या आणि जे ठरेल ते लेखी कळवा. जमणार नसेल तर का जमणार नाही तेही लिहा, त्यावर बोलता येईल. ग्रंथपाल आणि शिक्षकांपैकी कुणाला मुलं कुठली पुस्तकं नेतात ते बघायचं असेल तर रविवारी सकाळी नऊ ते अकरा पोर्चमध्ये या. वही उघडीच असते. हवी ती पुस्तकं वाचायला घेऊन जा, शाळेसाठी निवडताना उपयोगी पडतील. पालकांनाही माझं सांगणं आहे: आपल्या मुलाला मिळालेली यादी एकदा बघा, तिच्यातलं एक पुस्तक स्वतः वाचा आणि मग शाळेत जाऊन विचारा की हे कुणी निवडलं.

कळावे,

आपली,
एक पालक आणि रविवारच्या देवघेवीची काकू
मानेवाडा, नागपूर